जुनी चेन सॉ : आधी निदान, मग स्क्रू

साखळीवर बसवलेले दात इंजिनाच्या जोरावर एका सपाट पट्टीभोवती फिरवून लाकूड कापणाऱ्या हत्याराला यांत्रिक करवत म्हणता येईल. पण वखारीत, आमराईत आणि वादळानंतर रस्त्यात आडवी पडलेली झाडे हटवणाऱ्या पथकांत ते ‘चेन सॉ’ किंवा नुसते ‘वूडकटर’ म्हणूनच ओळखले जाते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तसा प्रसंग आला की अडगळीत पोत्यात गुंडाळून ठेवलेली करवत बाहेर निघते, आणि नेमकी त्याच वेळी ती सुरू होत नाही. मग दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरवरचे स्क्रू अंदाजाने पिळतो, इंजिन अचानक पकडते, कर्कश आवाजात सुसाट पळू लागते, आणि यंत्र दुरुस्त झाले असा सगळ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात कित्येक जुन्या करवतींच्या नाशाची सुरुवात याच घटकेला होते, कारण या प्रकारच्या इंजिनाचा आवाज जितका चढा आणि धारदार, तितके ते कोरडे चाललेले असण्याची शक्यता जास्त असते. स्क्रू हे दुरुस्तीचे पहिले हत्यार नसून शेवटचे आहे, आणि त्याच्या आधी करायच्या तपासण्यांतच खरी दुरुस्ती दडलेली आहे, हे या प्रकरणात सविस्तर पाहायचे आहे.

‘जुनी’ म्हणजे किती जुनी, हेही आधी स्पष्ट करायला हवे. १९२६ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी आणि १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली, तेव्हा ती यंत्रे दोन माणसांनी दोन टोकांना धरून पेलावी लागत. १९२९ च्या श्टीलच्या पेट्रोल करवतीचे वजन ४६ किलो होते. १९५० मध्ये एका माणसाने चालवायची १६ किलोची करवत आली, आणि १९५९ मध्ये आलेल्या ‘कॉन्ट्रा’ या प्रतिमानात मधले दातेरी गिअर काढून टाकल्याने वजन १२ किलोंपर्यंत उतरले. त्याच वर्षी स्वीडनमधील हुस्क्वार्ना या जुन्या बंदूक-कारखान्यातून पहिली करवत बाहेर पडली. त्या आधीच्या दोन-माणशी यंत्रांची जागा संग्रहालयात आहे. घरच्या टेबलावर उघडता येते ती साधारण १९६० ते १९९५ या काळातली करवत : कार्ब्युरेटरचे स्क्रू मोकळे असलेली, संगणक नसलेली, आणि जिचा जवळजवळ प्रत्येक भाग साध्या पान्यांनी सुटतो अशी. त्यानंतरच्या यंत्रांत धुराचे नियम पाळण्यासाठी स्क्रूंवर मर्यादा घालणाऱ्या टोप्या आल्या, आणि पुढे काही प्रतिमानांत मिश्रणाचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच ठरवू लागली.

या करवतींचे इंजिन टू-स्ट्रोक असते, म्हणजे पिस्टनच्या एका चढ-उतारात, अर्थात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात, एकदा स्फोट होतो. पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. क्रँककेस हा इथे नुसता डबा नसून पंप आहे, आणि या पंपाला कुठेही सुईएवढे भोक पडले तरी त्यातून जादा हवा आत शिरते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मोटारीच्या इंजिनाला तळाशी ऑइलचा साठा असतो. या इंजिनाला तो नसतो. बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांना मिळणारे सगळे वंगण पेट्रोलमध्ये मिसळूनच येते, आणि उडून जाणारे पेट्रोल आतला बराचसा ताप सोबत नेते. त्यामुळे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेले मिश्रण, ज्याला मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात, इंजिनाला एकाच वेळी उपाशी, तहानलेले आणि तापलेले ठेवते. उलट पेट्रोल जास्त असलेले ‘रिच’ मिश्रण धूर काढते, प्लग काळा करते, थोडी ताकद खाते, पण सहसा जीव घेत नाही. ट्यूनिंगचा सगळा व्यवहार या असमतोलावर उभा आहे : एका बाजूची चूक प्लग साफ करून निस्तरते, दुसऱ्या बाजूची पिस्टन बदलूनही निस्तरेलच असे नाही.

पुण्या-मुंबईच्या एका पिढीला हे तत्त्व वेगळ्या वेशात परिचित आहे. बजाज चेतकच्या काळात पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल घातले जाई, आणि ते घालायला विसरल्यास काय होते, हे स्कूटर मध्येच ‘जाम’ होऊन रस्त्यात थांबली की कळे. करवतीच्या इंजिनाला तर स्कूटरच्या दुप्पट वेगाने फिरावे लागते, आणि तेही लाकडाच्या भुशात, पूर्ण भाराखाली.

तपासणीची सुरुवात पाहण्यापासून करावी. सायलेन्सरचे दोन-तीन स्क्रू काढले की सिलिंडरचे बाहेर उघडणारे दार, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, समोर येते. प्लग काढून दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली केला आणि त्या दारातून बॅटरीचा झोत टाकला, तर यंत्राचा पूर्वेतिहास वाचता येतो. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा शिल्लक असतील तर इंजिनाची प्रकृती उत्तम समजावी. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम पसरल्यासारखे चकाकणारे पट्टे दिसले तर इंजिन कधीतरी लीन किंवा बिनऑइलचे चालले आहे. आणि ओरखड्यांऐवजी आत हवा घेणाऱ्या बाजूचा पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासल्यासारखा करडा, निस्तेज झाला असेल तर फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. या पाच मिनिटांच्या दर्शनाने पुढचे अनेक तास वाचतात. तरीही बहुतेक ठिकाणी ते सोडून लोक थेट कार्ब्युरेटरकडे वळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

ओरखडे दिसले म्हणून सिलिंडर टाकून देण्याचीही घाई नको. बहुतेक करवतींच्या सिलिंडरला आतून क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण मुलामा असतो, आणि त्यावर जे ओरखडे वाटतात ते पुष्कळदा वितळलेल्या पिस्टनचे चिकटलेले ॲल्युमिनियम असते. कापसाच्या बोळ्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे, म्हणजे बाजारात फरशी धुण्यासाठी मिळणाऱ्या म्युरिॲटिक ॲसिडचे, दोन-तीन थेंब घेऊन तेवढ्याच डागावर टेकवले की ॲल्युमिनियम असल्यास तिथे फेस येतो. फेस येणे थांबले की ॲल्युमिनियम संपले. काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करावे, ॲसिड पोर्टांच्या उघड्या कडांना लागू देऊ नये, कारण तिथले मूळ ॲल्युमिनियमही ते खाते, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन, पुसून लगेच ऑइलचा हात फिरवावा. खालचा मुलामा अखंड निघाला तर नवा पिस्टन आणि नवी रिंग घालून तोच सिलिंडर पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. मुलाम्याचे पापुद्रे सुटले असतील तर मात्र इलाज नाही. नवा पिस्टन बसवताना त्याच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असावा आणि रिंगची दोन टोके खोबणीतल्या बारीक खिळ्याच्या दोन बाजूंना यावीत. इथे चूक झाली तर रिंगचे टोक पोर्टमध्ये अडकून मोडते.

दुसरी तपासणी दाबाची, म्हणजे कॉम्प्रेशनची. ढोबळ पद्धत अशी की प्लग जागेवर असताना करवत दोरीच्या मुठीने लटकवावी. ती सरसर खाली घसरली तर इंजिन थकलेले आहे, टप्प्याटप्प्याने, अडखळत उतरली तर दम शिल्लक आहे. मीटरने मोजल्यास १५० पीएसआयच्या आसपासचा दाब निरोगी समजतात आणि शंभराच्या खाली आल्यास रिंगकडे संशयाने पाहावे लागते. मात्र मोटारीसाठी बनवलेल्या मीटरची लांब नळी या इवल्या सिलिंडरच्या मानाने फार मोठी पोकळी असते, आणि झडप नळीच्या प्लगकडील टोकाला नसेल तर आकडा विनाकारण कमी येतो. चांगली इंजिने अशा चुकीच्या आकड्यावरून भंगारात गेली आहेत.

ठिणगीचा भाग त्या मानाने सोपा आहे. प्लगची फट साधारण ०.५ मिलिमीटर असावी. प्लग सिलिंडरच्या धातूला टेकवून दोरी ओढल्यावर निळसर ठिणगी दिसली की पुढे जावे. मात्र तेव्हा जवळपास पेट्रोलचा ओघळ किंवा वाफ नसावी. ठिणगी नसेल तर बंद करण्याच्या स्विचची तार कुठे उघडी पडून अंगाला टेकली आहे का, हे कॉइलवर संशय घेण्याआधी बघावे. फ्लायव्हीलवरचे चुंबक आणि कॉइल यांच्यातील अंतर बहुतेक इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या करवतींत ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते, आणि मधे व्हिजिटिंग कार्ड सरकवून, चुंबकाने कॉइल खेचून घेतल्यावर स्क्रू आवळले की ते पुरेसे अचूक बसते. १९७० च्या आधीच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक भागाऐवजी उघडझाप करणारे ‘पॉइंट’ असतात. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यांच्या तोंडावर गंज चढतो आणि नुसत्या घासलेल्या पॉइंटांनी मेलेले वाटणारे यंत्र जिवंत होते.

आता हवेच्या गळतीकडे यायचे, कारण जुन्या करवतींतला सर्वांत घातक आणि सर्वांत दुर्लक्षित दोष हाच आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात, कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये रबराचा जोड असतो, सिलिंडरखाली गॅस्केट असते. तीस-चाळीस वर्षांनी यांपैकी काहीतरी कडक होते, तडकते आणि हवा आत घेऊ लागते. लक्षण ओळखीचे आहे : रेस सोडली तरी इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, आयडलला ते कधी वर कधी खाली करत राहते, आणि करवत आडवी केली की आवाज बदलतो. असे यंत्र स्क्रूने ‘सेट’ करता येत नाही, कारण स्क्रू पेट्रोल मोजतो आणि गळती रोज वेगळी हवा देते. तपासणीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सायलेन्सरखाली दाबून एक्झॉस्ट बंद करतात, कार्ब्युरेटरच्या जागी तसाच तुकडा बसवतात आणि आत हवा भरतात. कारखान्याच्या पुस्तिकांत साधारण अर्धा बार दाब वीस सेकंद टिकावा असे सांगितलेले असते. घरी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा आणि तबकडी यासाठी छान उपयोगी पडते. तिच्यावरचे ३०० मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.४ बार, आणि गळती शोधायला तेवढे पुरते. काटा घसरू लागला की साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. मात्र एवढ्यावर थांबू नये. सीलचे ओठ आतल्या दाबाने क्रँकवर घट्ट बसतात आणि पोकळीत उलट सैल होतात, म्हणून दाब टिकवणारे सीलही पोकळीत, म्हणजे हवा ओढून घेतल्यावर, गळू शकते. दोन्ही चाचण्या उत्तीर्ण झालेल्या इंजिनालाच पुढे स्क्रू लावण्यात अर्थ आहे.

क्लचच्या बाजूचे सील बदलण्यासाठी क्लच काढावा लागतो, आणि इथे नवखा माणूस हमखास अडतो, कारण त्याचे आटे उलटे असतात : घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की तो सुटतो. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या दोरीचा मऊ तुकडा आत सोडून त्यावर पिस्टन टेकवतात. लोखंडी पट्टी किंवा स्क्रू-ड्रायव्हर अडकवण्याचा शॉर्टकट पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकतो.

यानंतर इंधनाची वाट टाकीपासून तपासावी. टाकीतला फिल्टर चोंदलेला नसावा, नळी चिरलेली किंवा चिकट झालेली नसावी. इंजिन पाच-दहा मिनिटे चालून मरत असेल आणि टाकीचे झाकण सैल केल्यावर पुन्हा जिवंत होत असेल, तर टाकीत हवा घेणारे बारीक छिद्र बुजले आहे. त्यापुढे येतो कार्ब्युरेटर. करवत कोणत्याही कोनात, उलटीही चालावी लागते, म्हणून स्कूटरप्रमाणे तरंगत्या फ्लोटवर तिचा कार्ब्युरेटर चालत नाही. त्याच्यात दोन पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम, असतात. एक पडदा क्रँककेसमधील दाबाच्या ठोक्यांनी फडफडून टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाची ओढ असते. ओढ वाढली की तो आत झुकतो, एक छोटी दांडी दाबतो, सुई उघडते आणि हवे तेवढेच पेट्रोल आत येते. हा पडदा धुतलेल्या मलमलीसारखा मऊ असायला हवा. बोटाने हलवताना तो कुरकुरला तर तो कडक झाला आहे, सुई पुरेशी उघडत नाही आणि इंजिन लीन चालते. स्क्रू कितीही उघडला तरी त्याचा उपयोग होत नाही. पडदे, गॅस्केट, सुई आणि नखाएवढी जाळी यांचा संच अजूनही बऱ्याच प्रतिमानांना मिळतो. बसवताना बहुतेक कार्ब्युरेटरांत सुईच्या बाजूला आधी गॅस्केट मग पडदा, आणि पंपाच्या बाजूला आधी पडदा मग गॅस्केट, असा क्रम असतो. उघडताना फोनवर फोटो काढून ठेवला की क्रमाची शंका राहत नाही.

भारतात या भागाला अलीकडे नवे आव्हान मिळाले आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर रूढ झाले. जुन्या करवतींच्या नळ्या आणि पडदे अशा इंधनासाठी घडवलेले नव्हते. इथेनॉलने काही रबर फुगते, काही ताठ होते. दुसरे असे की पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलोच लागते, म्हणून जुन्या पेट्रोलवर बरोबर बसवलेला स्क्रू नव्या पेट्रोलवर सात-आठ टक्के लीन ठरतो. स्क्रूला हात न लावताही करवत बिघडते ती अशी. तिसरा धोका साठवणीचा : इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि पाणी पुरेसे झाले की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि करवतीचा फिल्टर तर टाकीच्या तळाशीच असतो. म्हणजे इंजिन बिनऑइलचे द्रव पिऊ लागते. कोकणातल्या दमट हवेत पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

ऑइलच्या प्रमाणाबद्दल अनेक गैरसमज आहेत. जुन्या पुस्तिकांत २५ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, असे लिहिलेले आढळते. ते त्या काळच्या ऑइलसाठी होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे आजचे चांगले टू-टी ऑइल बहुतेक करवतींना लिटरला २० मिलिलिटर पुरते, तरी जुन्या, मोठ्या आणि मंदगती यंत्रांना २५ ते ३० मिलिलिटर देणे शहाणपणाचे. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ असे मानून प्रमाण वाढवत नेणे मात्र बरोबर नाही, कारण त्याच छिद्रातून तेवढेच पेट्रोल कमी जाते.

साखळी हा इंजिनापासून वेगळा विषय वाटतो, पण बोथट साखळीची करवत ट्यून करणे म्हणजे गळक्या घागरीने पाणी मोजणे आहे. भार किती खरा आणि किती घर्षणाचा, तेच कळत नाही. आजच्या साखळीचे मूळ अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या जंगलात आहे. जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहत होता. ती अळी इंग्रजी सी अक्षरासारखे वाकडे जबडे डावी-उजवीकडे चालवत, लाकडाचे धागे आडवे असोत की उभे, सारख्याच सहजतेने पोखरत होती. त्यावरून त्याने डावा आणि उजवा असे आळीपाळीने येणारे, वाकलेल्या ओठाचे दात बनवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये स्वतःच्या घराच्या तळघरात ते विकण्याचा धंदा सुरू केला. आधीच्या साखळ्या हातकरवतीप्रमाणे ओरबाडत. ही साखळी पटाशीप्रमाणे ढलपी काढते. म्हणूनच कापताना खाली काय पडते ते पाहावे : सुपारीच्या कातरणासारख्या ढलप्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर नाही. सागवानात सिलिका असते, त्यामुळे सागावर धार लवकर जाते. अशा लाकडावर काम करताना पेट्रोल भरायच्या प्रत्येक वेळी दोन-दोन हात कानस फिरवणे बरे.

कानस गोल असते आणि तिची जाडी साखळीनुसार ठरते. ३/८ इंची साखळीला साधारण ५.५ मिलिमीटर, ०.३२५ इंचीला ४.८ मिलिमीटर, छोट्या घरगुती करवतीच्या बारीक ३/८ ला ४ मिलिमीटर. कानस नेहमी आतून बाहेर, एकाच दिशेने, तीस अंशांच्या कोनात ढकलावी, परत आणताना उचलावी, आणि सगळे दात सारख्या लांबीचे राहतील असे पाहावे, नाहीतर काप एका बाजूला वळतो. प्रत्येक दातापुढे असलेले बुटके शिंग दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवते. ते दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावे. चपट्या कानशीने ते जास्त घासले की साखळी लाकडात घुसते आणि पट्टीचे टोक उसळून माणसाकडे येते. या उसळीसाठी, म्हणजे ‘किकबॅक’साठी, हाताच्या पुढचा झटक्याने लागणारा ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस येऊ लागला, त्याआधीच्या करवतींत तो नाही. ब्रेक नसलेले यंत्र दुरुस्त करून जपावे, पण रोजच्या कापणीसाठी ते कोणाच्या हाती देऊ नये, असेच म्हणावे लागते.

एवढे झाल्यावर स्क्रू. एअर फिल्टर धुतलेला, साखळी धारदार आणि बेताच्या ताणाची, इंजिन चार-पाच मिनिटे चालवून गरम केलेले. कार्ब्युरेटरवर सहसा तीन स्क्रू असतात : ‘एल’ मंद वेगाचे पेट्रोल मोजतो, ‘एच’ पूर्ण वेगाचे, आणि तिसरा नुसता आयडलचा वेग ठरवतो, पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. ‘एल’ आणि ‘एच’ हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करून प्रत्येकी एक फेरा उघडणे ही सुरुवातीची नेहमीची जागा. जोर देऊन आवळले तर सुईचे टोक बसक्यात रुतून कायमचे बिघडते.

आधी ‘एल’ बघतात, कारण पुष्कळ कार्ब्युरेटरांत त्याचे पेट्रोल पूर्ण वेगातही मिसळत असते. तो हळूहळू बंद करत नेला की आयडल चढतो, एका जागी सर्वांत वर पोहोचतो आणि मग अडखळू लागतो. त्या शिखरापासून पाव फेरा परत उघडावा. आता रेस झटक्यात दिली असता इंजिन क्षणभर गुदमरून मग उचलत असेल तर ‘एल’ अजून थोडा उघडायला हवा. धूर सोडत घरघरत उचलत असेल तर किंचित बंद. मग आयडलचा स्क्रू असा ठेवावा की इंजिन शांतपणे चालत राहील आणि साखळी जागची हलणार नाही. साखळी हलत असेल तर क्लच आयडललाच पकडतो आहे, आणि अशी करवत खाली ठेवणेही धोक्याचे.

‘एच’ हा कानाचा विषय आहे. भाराशिवाय दोन-तीन सेकंदच पूर्ण रेस द्यावी आणि ऐकावे. मिश्रण बरोबर असेल तेव्हा आवाज पूर्ण गुळगुळीत नसतो; त्यात एक भरडी, बुडबुडती घरघर असते. कारण जादा पेट्रोलामुळे प्रत्येक फेऱ्यात स्फोट न होता एकाआड एक फेऱ्यात होतो, फोर-स्ट्रोक इंजिनासारखा, म्हणून तिला ‘फोर-स्ट्रोकिंग’ म्हणतात. आता करवत ओंडक्याला लावावी. भार पडताच वेग उतरतो, ती घरघर निघून जाते आणि आवाज एकसंध होतो. करवत लाकडातून उचलली की घरघर परत येते. हा येणारा-जाणारा आवाज ऐकू येतो ती ‘एच’ची जागा. भाराखालीही घरघर राहिली तर स्क्रू आठव्या भागाने बंद करावा. भाराशिवायही आवाज शिट्टीसारखा स्वच्छ असेल तर तत्काळ उघडावा, अशा आवाजात करवत एक मिनिटही चालवू नये. टॅकोमीटर असल्यास प्रतिमानाच्या पुस्तिकेतला जास्तीत जास्त वेग ओलांडू नये. १९८०-९० च्या मध्यम करवतींत तो बहुधा मिनिटाला १२,००० ते १३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो, १९६० च्या दशकातल्या मोठ्या यंत्रांत त्याहून पुष्कळ कमी, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

ही सेटिंग कायमची नसते. हवा थंड झाली की दाट होते आणि त्याच स्क्रूवर मिश्रण लीन बनते; मे महिन्याच्या दुपारी बसवलेली करवत डिसेंबरच्या पहाटे तपासून घ्यावी लागते. उंचीचा परिणाम याहून मोठा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तिथली हवा किनाऱ्यापेक्षा जवळपास एक-अष्टमांशाने विरळ असते. चिपळूणला बसवलेली करवत वर नेली तर ती धूर काढते, सुस्त वाटते, पण तिला इजा होत नाही. महाबळेश्वरला तिच्या मनासारखी बसवून तशीच घाट उतरवली, तर खाली तिचा आवाज चढा, स्वच्छ आणि जोरकस येतो, म्हणजेच ती लीन चाललेली असते; म्हणून खाली पोहोचल्यावर पहिला ओंडका कापण्याआधी ‘एच’ पाव फेरा उघडून पुन्हा ऐकावे लागते.